व्हिक्टर बोर्गे: पियानोसमोर बसून न वाजवण्याची विद्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: डेन्मार्कचे व्हिक्टर बोर्गे मुळात पियानोवादक होते की विनोदी नट? त्यांची कारकीर्द कशी उभी राहिली, त्यांच्या विनोदाची बांधणी नेमकी कशी असते, आणि ज्याला एखादं वाद्य बऱ्यापैकी येतं अशा माणसाला रंगमंचासाठी त्यातलं काय घेता येईल?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बोर्गे आधी पियानोवादक होते, आणि तेही पक्क्या तालमीतले. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं हुकतं. त्यांच्यासारखं करू पाहणारे बहुतेक जण विनोद उचलतात आणि वादनाकडे दुर्लक्ष करतात. बोर्गेंच्या प्रयोगात प्रेक्षक हसतो, कारण हा माणूस आता सुंदर वाजवणार याची त्याला खात्री असते आणि ते वाजवणं सारखं पुढे ढकललं जात असतं. खात्रीच नसेल तर पुढे ढकलण्याला काही अर्थ राहत नाही.

त्यांचं मूळ नाव बोर्गे रोझेनबाउम. जन्म ३ जानेवारी १९०९, कोपनहेगन. घर ज्यू आणि संगीताचं. वडील रॉयल डॅनिश वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत, आई पियानो वाजवत असे. मुलाचा पियानो तिसऱ्या वर्षाच्या आतबाहेरच सुरू झाला आणि आठव्या वर्षी पहिलं जाहीर वादन झालं. १९१८ साली रॉयल डॅनिश संगीत अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे ओलिवो क्राउसे हे गुरू. पुढे व्हिक्टर शोलर, फ्रेडरिक लॅमंड आणि एगॉन पेत्री. लॅमंड स्वतः लिस्टचे शिष्य आणि पेत्री हे बुसोनींचे. एकोणिसाव्या शतकातल्या पियानोच्या सगळ्यात मोठ्या दोन घराण्यांची तालीम एका मुलाला मिळाली, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. १९२६ साली कोपनहेगनच्या ऑड फेलो पॅलेसमध्ये पहिली मोठी मैफल झाली. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा गंभीर मैफलीच्या वाटेवर उभा होता.

१९३३ मध्ये ते रेव्ह्यूकडे वळले. रेव्ह्यू म्हणजे गाणी, छोटी प्रहसनं, नाच आणि चालू घडामोडींवरची टोलेबाजी असा एकत्र कार्यक्रम. डेन्मार्कमध्ये हा प्रकार आजही जिवंत आहे. रेव्ह्यूत एकेका कलावंताच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, त्यामुळे प्रेक्षकाला सुरुवातीच्या काही वाक्यांतच ताब्यात घ्यावं लागतं. मैफलीचा पियानोवादक जिथे शांतता गृहीत धरतो, तिथे रेव्ह्यूवाल्याला ती कमवावी लागते. बोर्गेंकडे पुढे जी वेळेची जाण दिसते तिची मुळं या दोन्ही शाळांत आहेत. १९३७, १९३८ आणि १९३९ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी डॅनिश चित्रपटांतही काम केलं. लोकप्रियता मिळाली, पण त्यांची खरी जागा पडदा नव्हती. त्याचं कारण पुढे सांगतो.

रेव्ह्यूतले त्यांचे विनोद हिटलर आणि नाझींवरही असत. ज्यू कलावंताने त्या काळात, जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या देशात, हे करणं किती धोक्याचं होतं ते वेगळं सांगायला नको. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला तेव्हा ते स्वीडनमध्ये कार्यक्रमांसाठी गेलेले होते, म्हणून वाचले. तिथून फिनलंड, आणि फिनलंडच्या उत्तर टोकाला तेव्हा असलेल्या पेत्सामो बंदरातून ‘अमेरिकन लीजन’ या अमेरिकी जहाजाने न्यूयॉर्क. याच जहाजावर नॉर्वेची युवराज्ञी मार्था आपल्या मुलांसह होती. २८ ऑगस्ट १९४० रोजी बोर्गे अमेरिकेत उतरले तेव्हा खिशात २० डॉलर होते, आणि त्यातले ३ कस्टममध्ये गेले, असं ते स्वतः सांगत.

इंग्रजी जवळपास येत नव्हतं. विनोदी कलावंताकडून भाषा काढून घेतली तर त्याच्याकडे काय उरतं? बोर्गेंच्या बाबतीत दोन गोष्टी उरल्या: पियानो आणि थांबण्याची कला. ते चित्रपटगृहात जाऊन तेच ते चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत आणि बोलणं कानात साठवत. या पद्धतीने शिकलेली भाषा संथ येते, एकेक शब्द वेगळा आणि स्पष्ट येतो. पुढच्या साठ वर्षांतली त्यांची बोलण्याची शैली हीच आहे. वाक्य संपल्यासारखं वाटतं, ते थांबतात, आणि मग एक शब्द जोडून सगळ्याचा अर्थ फिरवतात. इंग्रजीवर पूर्ण हुकूमत आल्यावरही त्यांनी हा संथपणा सोडला नाही, कारण त्या थांब्यात प्रेक्षक स्वतः पुढचा शब्द धरू लागतो आणि तिथेच फसतो.

रूडी व्हॅलीच्या रेडिओ कार्यक्रमातून त्यांचा अमेरिकेत शिरकाव झाला. डिसेंबर १९४१ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीच्या ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना घराघरांत पोहोचवलं, आणि १९४२ मध्ये रेडिओवरचा वर्षातला सर्वोत्तम नवा कलावंत म्हणून त्यांचा गौरव झाला. उतरल्यापासून दोनेक वर्षांत, नव्या भाषेत, फक्त आवाजावर. १९४३ च्या ‘हायर अँड हायर’ या चित्रपटात ते फ्रँक सिनात्राबरोबर दिसतात, सरदार असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्याच्या भूमिकेत. १९४६ मध्ये एनबीसी या अमेरिकी रेडिओ जाळ्यावर त्यांच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. १९४८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

चित्रपटात त्यांचं का जमलं नाही? चित्रपटात थांबा कलावंताच्या हातात नसतो, तो संकलकाच्या टेबलावर ठरतो. बोर्गेंचा थांबा दर प्रयोगात वेगळ्या लांबीचा असे. आजचा प्रेक्षक किती हसतोय, हशा चढतोय की उतरतोय, हे ऐकून ते पुढचा शब्द सोडत. समोर प्रेक्षक नसेल तर हे मोजायचं कशावर? रेडिओच्या स्टुडिओत निदान बोलावलेले श्रोते असत. कॅमेऱ्यासमोर तेही नाहीत. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा शोध घेताना चित्रपटांवर वेळ घालवू नका. थेट नाट्यगृहातल्या आणि प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेल्या कार्यक्रमांकडे जा.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे ‘कॉमेडी इन म्युझिक’ हा एकपात्री प्रयोग. न्यूयॉर्कच्या जॉन गोल्डन नाट्यगृहात २ ऑक्टोबर १९५३ रोजी तो सुरू झाला आणि २१ जानेवारी १९५६ रोजी थांबला. एकूण ८४९ प्रयोग. या अवधीत दिवस मोजले तर ८४२ भरतात, म्हणजे रोज एकाहून किंचित जास्त. दुसरा नट नाही, नेपथ्य जवळपास नाही, एक पियानो आणि एक माणूस. सर्वाधिक काळ चाललेला एकपात्री प्रयोग म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. हे नाट्यगृह सुमारे ८०० आसनांचं, म्हणजे ब्रॉडवेच्या, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, मानाने लहान, आणि ते फार महत्त्वाचं आहे. भुवई उचलण्यावर किंवा बोट कीबोर्डवर नेऊन मागे घेण्यावर हशा हवा असेल तर शेवटच्या रांगेला तो चेहरा दिसला पाहिजे. दोन हजारांच्या सभागृहात हेच केलं तर पुढच्या दहा रांगा हसतात, मागचे लोक ‘काय झालं?’ म्हणून एकमेकांकडे बघतात, आणि त्या कुजबुजीत पुढचा विनोद बुडतो. १९६४ मध्ये त्याच नाट्यगृहात पियानोवादक लिओनिद हॅम्ब्रो यांच्यासह या प्रयोगाची दुसरी आवृत्ती आली, आणि १९७७ मध्ये गायिका मॅरिलिन मल्व्ही यांच्यासह आणखी एक.

आता बांधणी. हा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे.

सगळ्याचा पाया म्हणजे लांबवणं. ते पियानोशी येतात, बसतात, उठून आसन नीट करतात, स्वर शोधल्यासारखं कीबोर्डकडे पाहतात, एक जीवा (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) वाजवतात आणि काहीतरी आठवून प्रेक्षकांकडे वळतात. हे ढिसाळ दिसतं, पण आत हिशेब आहे. प्रत्येक अडथळ्याला कारण असतं: आसन, कागद, माइक, उशिरा येणारा प्रेक्षक. विनाकारण थांबलं तर लोकांना माणूस गोंधळलेला वाटतो. दुसरं म्हणजे मधूनमधून ठेव परत करावी लागते. सलग तीन अडथळे झाले की चौथ्याच्या आधी ८ ते १६ मात्रावर्तनं (ठरावीक मात्रांचा एक गट म्हणजे एक मात्रावर्तन) खरं, निर्दोष वाजवा. प्रेक्षकाला आठवण राहिली पाहिजे की याला येतं. ही परतफेड विसरली की साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला सभागृहातला खोकला वाढतो. तो खोकला म्हणजे विश्वास संपल्याची खूण असते.

यातच रंगमंचाची एक साधी भूमिती आहे, जी नवख्यांच्या लक्षात येत नाही. ग्रँड पियानो नेहमी असा ठेवतात की वादकाची उजवी बाजू प्रेक्षकांकडे येते आणि उघडं झाकण आवाज सभागृहाकडे फेकतं. त्यामुळे प्रेक्षकाला चेहऱ्याची उजवी बाजू आणि उजवा हात दिसतो. डावा हात शरीरामागे लपतो. डाव्या हाताने केलेली गंमत, ती कितीही चांगली असली तरी, वाया जाते. जे दाखवायचं ते उजव्या हाताने, किंवा खांद्याच्या वर. बोलताना कमरेपासून उजवीकडे वळावं लागतं, म्हणून माइक कीबोर्डच्या उजव्या टोकाशी, वळल्यावर ओठ जिथे येतील तिथे हवा. तो पियानोच्या समोर ठेवला तर दर वाक्याला आवाज कमी-जास्त होत राहतो.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे विरामचिन्हं आवाजात म्हणणं. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, संयोगरेषा, प्रत्येकाला तोंडाने काढलेला एक ठरलेला आवाज, आणि मग एक भावुक गोष्ट या आवाजांसकट वाचणं. याची रचना तीन टप्प्यांची आहे. आधी व्याख्यात्याच्या गांभीर्याने अडचण मांडायची: लिहिताना चिन्हं असतात, बोलताना नसतात, म्हणून गैरसमज होतात. मग एकेक चिन्ह सुटं ऐकवायचं. मग वाचन. दुसरा टप्पा घाईत उरकला की तिसरा कोसळतो. प्रेक्षक आवाज ओळखू लागला पाहिजे, कारण हशा आवाजाचा नाही, ओळखीचा असतो. प्रश्न संपताना तो प्रश्नचिन्हाची वाट पाहतो आणि ते हवं तिथेच येतं.

हे करून पाहायचं असेल तर पाच-सहा चिन्हांपेक्षा जास्त घेऊ नका. एका चिन्हाचा आवाज शेवटपर्यंत तोच ठेवा. उतारा १२० ते १५० शब्दांचा, सुरुवातीला साधी विधानं, शेवटाकडे संवाद. संवादात अवतरणचिन्हं, प्रश्न आणि उद्गार एकापाठोपाठ येतात, त्यामुळे गती आपोआप वाढते आणि शेवट जोरात होतो. संवाद आधी टाकला तर चढण उरत नाही. हे आवाज ओठांच्या स्फोटाने आणि हवेच्या झोताने निघतात. माइक सरळ ओठांसमोर असेल तर स्पीकरमधून धडाधड फटके येतात आणि सगळे आवाज सारखेच ऐकू येतात. माइक ओठांपासून वीतभर लांब, किंचित बाजूला आणि तिरका ठेवा. दोनेक मिनिटांत तोंड कोरडं पडतं. वाचन सुरू करण्याआधी, हातात कागद घेण्याच्या निमित्ताने, एक घोट पाणी प्या.

दुसरा तसाच प्रकार भाववाढीच्या भाषेचा. सगळ्याच्या किमती वाढतात तर भाषेतले आकडे का वाढू नयेत? मग शब्दात लपलेला प्रत्येक आकडा एकाने वाढवायचा. ‘वंडरफुल’मधला वन वाढून ‘टूडरफुल’, ‘बिफोर’चं ‘बिफाइव्ह’, ‘टेनिस’चं ‘इलेव्हनिस’. मराठीत हे भाषांतराने येत नाही, नव्याने शोधावं लागतं, आणि शोधलं की भरपूर सापडतं: ‘आठवण’ची ‘नऊवण’, ‘पाचगणी’ची ‘सहागणी’, ‘नवरा’चा ‘दहारा’, ‘नऊवारी’ची ‘दहावारी’. कसोटी अशी की आकडा पूर्ण ऐकू आला पाहिजे आणि उरलेला शब्द तसाच राहिला पाहिजे. ‘सातारा’ कागदावर छान वाटतो, पण ‘आठारा’ ऐकणाऱ्याला ‘अठरा’ वाटतो आणि तो तिथेच अडकतो. असे शब्द गाळा. इथेही नियम सांगितल्यावर दोन सोपी उदाहरणं, मग गोष्ट. गोष्टीत दर वाक्याला एकच वाढलेला शब्द पुरे. दोन आले तर प्रेक्षक पहिला सोडवत असतानाच दुसरा निघून जातो.

संगीतातल्या गमतींपैकी उलट्या कागदाची गंमत सगळ्यात शिकण्यासारखी आहे. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतातला घोडदौडीसारखा तुकडा ते वाजवू लागतात. ठेका ओळखीचा, स्वर अनोळखी. ते गोंधळून कागदाकडे पाहतात, कागद उलटा असल्याचं लक्षात येतं, तो फिरवतात आणि तोच तुकडा बरोबर, झळाळत वाजतो. हीच रचना निवडली गेली यामागे कारण आहे. या तुकड्यात एकच स्वर ठेक्यात पुन्हा पुन्हा येतो. स्वरांची दिशा उलटी केली तरी एकाच स्वराची पुनरावृत्ती तशीच राहते, त्यामुळे बिघडलेलं रूप ऐकतानाही मूळ काय ते प्रेक्षकाला कळतं. ज्या चालीची ओळख ठेक्यात नसून फक्त स्वरांत असते, ती उलटी केल्यावर नुसतीच दुसरी चाल होते.

हे बसवताना ठेक्याला हात लावू नका. एक स्वर मध्य धरा आणि जिथे मूळ चाल वर जाते तिथे तितकंच खाली जा. उलटी बाजू ८ मात्रावर्तनांपेक्षा लांबवू नका. महत्त्वाचं म्हणजे ही चुकीची बाजू बरोबर बाजूइतकीच, किंवा जास्त, रियाज करून स्वच्छ वाजली पाहिजे. वाटेल ते चुकीचे स्वर दाबले की वादक कच्चा आहे असं वाटतं. ठाम, एकसारखी चूक झाली की कागदात काहीतरी गडबड आहे असं वाटतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. कागद दोन पानांचा, मागे पुठ्ठा लावलेला घ्या. सुटं पान फिरवताना वाकतं, पडतं, आणि शेवटच्या रांगेला फिरवल्याचं कळतही नाही.

‘हॅपी बर्थडे’ वेगवेगळ्या संगीतकारांच्या ढंगात वाजवणं हा त्यांचा आणखी एक हुकमी प्रकार. चाल फक्त ८ मात्रावर्तनांची, तीन मात्रांची, आणि नाव दोन उच्चारांचं धरलं तर २५ स्वरांची. इतकी छोटी चाल असल्यामुळे ढंग लगेच बदलता येतो. मोत्सार्टसाठी डाव्या हाताने जीवा तोडून खालचा, वरचा, मधला, वरचा अशा क्रमाने फिरवा आणि उजव्या हाताने चाल हलकी, मोजकी ठेवा. बेथोवनसाठी चाल कोमल स्वरांच्या पट्टीत न्या, लय अर्धी करा आणि प्रत्येक मात्रेखाली तीन-तीन स्वर सारखे वाहू द्या. शोपँसाठी काम सोपं आहे, कारण चाल मुळातच वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या युरोपीय नाचाच्या, मात्रांत आहे. डाव्या हाताला खाली एक आणि वर दोन, उजव्या हाताला सजावट. ब्राम्ससाठी चालीखाली तिसरा किंवा सहावा स्वर जोडून जाड करा आणि बास खूप खाली न्या. पट्टी प्रत्येक ढंगाला बदलायची हौस टाळा. सामान्य श्रोत्याला ढंगातला फरक एकाच पट्टीत जास्त स्पष्ट ऐकू येतो. चार ढंग पुष्कळ झाले.

जोडीदार हा त्यांच्या उत्तरार्धातला मोठा आधार. आर्मेनियन वंशाचे पियानोवादक शहान आर्झरुनी यांच्याबरोबर ते लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी एकाच पियानोवर चार हातांनी वाजवत. हात एकमेकांत अडकतात, माणसं जागा बदलतात, एक दुसऱ्याभोवती फिरून जातो, आणि संगीत तुटत नाही. आर्झरुनींचा चेहरा शेवटपर्यंत निर्विकार. हसवण्याचं निम्मं काम तो चेहरा करतो. जोडीदार हसला की प्रेक्षकाचं हसणं अर्ध्यावर येतं, कारण मग कोणालाच त्रास होत नसतो. तालमीत आधी दोघांनी आपापल्या जागी, काही गंमत न करता, पूर्ण तुकडा लयीत बसवावा. मग फक्त हालचाल, न वाजवता. मग दोन्ही एकत्र, मूळच्या निम्म्या लयीत. पेडल कोणाकडे हे आधी ठरवा. साधारणपणे ते खालचे स्वर वाजवणाऱ्याकडे असतं, आणि जागा बदलताना नेमकं तेच सुटतं. वरचे स्वर वाजवणारा प्रेक्षकांच्या बाजूला बसतो आणि दुसऱ्याला झाकतो, म्हणून निर्विकार चेहऱ्याचा जोडीदार आतल्या बाजूला असेल तर तो उंच हवा.

आसनावरून पडण्याची आणि मग सुरक्षा पट्टा बांधण्याची गंमत सगळ्यांना आठवते. मल्व्ही वरचा स्वर लावतात, बोर्गे दचकून आसनावरून पडतात, उठून आसनाखालून पट्टा काढतात आणि कमरेला बांधतात. शारीरिक विनोदात वस्तू आधी दिसता कामा नये. पट्टा आधीच लोंबत असला तर पडणं हा अपघात न राहता सूचना होते. पडायचं असेल तर आसन मागे सरकून, कुल्ल्यावर, हनुवटी छातीला टेकवून. हात मागे टेकवू नका. मनगट मोडण्याचा हाच नेहमीचा मार्ग आहे, आणि पियानोवादकाला मनगटाशिवाय काय आहे?

डेन्मार्कच्या आत पाहिलं तर त्या काळाचं सर्वांत लाडकं नाव वेगळं आहे: डिर्क पासर (१९२६–१९८०). उंच, लवचीक शरीर, केल पीटरसन यांच्याबरोबरची रेव्ह्यूतली जोडी, आणि नव्वदच्या आसपास चित्रपट. ३ सप्टेंबर १९८० रोजी कोपनहेगनच्या टिव्होली या करमणूक-बागेतल्या प्रयोगाच्या वेळी, विदूषकाच्या वेशात, ते कोसळले आणि गेले. पासर आपल्या देशात जेवढे मोठे, तेवढे बाहेर अनोळखी राहिले, कारण त्यांचा बराचसा विनोद डॅनिश भाषेत आणि डॅनिश माणसाच्या सवयींत रुजलेला होता. त्यांच्या एका गाजलेल्या प्रकारात ते रशियनसारखी वाटणारी निरर्थक भाषा बोलणारे विदूषक होत, आणि तो मात्र डॅनिश न येणाऱ्यालाही हसवतो. बोर्गेंना देश सोडावा लागला आणि त्यांच्या हातात जे उरलं ते जगभर चालणारं निघालं. दोघांत थोर कोण, हे ठरवण्यात मला रस नाही. विनोदी कलावंताने मात्र दोघांनाही पाहावं: पासरकडून शरीर, बोर्गेंकडून थांबा.

बोर्गेंच्या उद्योगांतली एक गोष्ट थोडक्यात. कनेक्टिकटमधल्या साउथबरी इथे त्यांनी कोंबड्यांचा फार्म काढला आणि कॉर्निश जातीच्या लहान कोंबड्या अमेरिकी जेवणाच्या टेबलावर लोकप्रिय केल्या. त्याहून मोलाचं काम १९६३ मधलं. रिचर्ड नेटर या वकिलासह त्यांनी ‘थँक्स टू स्कँडिनेव्हिया’ ही शिष्यवृत्ती सुरू केली. ऑक्टोबर १९४३ मध्ये डॅनिश लोकांनी आपल्या सुमारे ७,००० ज्यू देशबांधवांना बोटींतून स्वीडनला पोहोचवलं होतं. त्या ऋणाची ही परतफेड, तरुण स्कँडिनेव्हियन विद्यार्थ्यांच्या शिक्षणातून. १९९९ मध्ये केनेडी सेंटर सन्मान हा अमेरिकेतला कलावंतांचा मोठा सन्मान मिळाला. २३ डिसेंबर २००० रोजी, कनेक्टिकटमधल्या ग्रिनिचला, ९१ व्या वर्षी ते झोपेत गेले. त्याच महिन्यात कोपनहेगनमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला होता.

अभ्यास कसा करावा? ‘कॉमेडी इन म्युझिक’चं ध्वनिमुद्रण आधी फक्त ऐका, चित्र न पाहता. हातात पेन्सिल घ्या आणि दोन गोष्टींवर खुणा करा: कुठे हशा आला, आणि बोर्गे पुढचा शब्द हशा पूर्ण विरल्यावर बोलतात की उतरत असताना. बहुतेकदा तो उतरत असतानाच येतो, अगदी थोडा आवाज शिल्लक असताना. पूर्ण विरू दिला की प्रत्येक वेळी गाडी पुन्हा शून्यातून सुरू करावी लागते. दुसऱ्या वेळी फक्त संगीत ऐका आणि सलग किती मात्रावर्तनं खरोखर वाजली ते लिहा. आकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. त्यानंतर दूरचित्रवाणीवरच्या नंतरच्या कार्यक्रमांची दृश्यं पाहा आणि नजर त्यांच्या उजव्या हातावर ठेवा.

मग आपल्या वाद्यावर पहिली परीक्षा घ्या: चार मिनिटांचा एक गंभीर तुकडा, चार ओळखीच्या माणसांसमोर, कुठलीही गंमत न करता. पेटी असो, सतार असो की कीबोर्ड. ते चौघे शेवटपर्यंत मन लावून ऐकत असतील तर त्याच तुकड्यात पहिला अडथळा घाला. तो सुरुवातीला घालू नका. चाल ओळखीची झाली आणि सम तोंडावर आली, की तिथे हात उचला.